करंगळीतला बुश

"एन्री इदु, मालक?" हे काय, असं अण्णांनी कन्नडात विचारलं आणि मी सरळ खोटं बोललो. म्हटलं, पंपाचा बुश आहे, सॅम्पल नग, एकच करायचाय.

अण्णा बैलहोंगलकडचे. आमच्याकडे एकवीस वर्षं टर्नर आहेत. पंपाचा बुश, म्हणजे फिरत्या दांड्याभोवती बसणारी छोटी नळी, कसा असतो हे त्यांना मी सांगणं म्हणजे कपिलेश्वराच्या पुजाऱ्याला बेलाचं पान दाखवण्यातला प्रकार. त्यांनी जॉब लेथच्या चकातून, म्हणजे पकडीतून, काढला, आतून बोट फिरवलं, बाहेरून फिरवलं. "पंपाचा बुश आतनं गुळगुळीत लागतोय की. ह्याला बाहेरनं आरसा कशाला केलाय?" मी गप्प. मग त्यांनी तो स्वतःच्या करंगळीत घालून बघितला. अर्ध्यावर अडकला. माझ्या करंगळीकडे बघितलं, आणि काही न बोलता जॉब माझ्या हातात ठेवून चहाला गेले.

बेळगावच्या उद्यमबागेत आमचं लहानसं मशीन शॉप आहे. तीन लेथ, एक मिलिंग, एक रेडियल ड्रिल. फौंड्रीतून कास्टिंग येतं, आम्ही मशीनिंग करून देतो. मी गिटार वाजवतो हे शॉपमध्ये कुणाला माहीत नव्हतं आणि माहीत होऊ नये असंच मला वाटायचं. रामभाऊ विजापुऱ्यांची पेटी ऐकून ज्या गावाचे कान तयार झाले, ज्याच्या शेजारच्या सुळेभावीत कुमार गंधर्व जन्मले, त्या गावात पन्नाशीकडे झुकलेला माणूस इलेक्ट्रिक गिटारवर स्टीलची नळी घासत बसतो, हे सांगायला धीर लागतो.

ती नळी म्हणजे स्लाइड. तार बोटाने परद्यावर दाबायची नाही. नळी बोटात घालायची, तारेवर नुसती टेकवायची आणि सरकवायची. सूर तुटत नाही, घसरत जातो. विचित्र वीणा ज्यांनी ऐकली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. ब्रिजभूषण काब्रा आणि नंतर विश्वमोहन भट्टांनी गिटारवर रागच वाजवला तो ह्याच वाटेने. अमेरिकेतले जुने ब्लूजवाले बाटलीची मान कापून बोटात घालत, कुणी चाकू वापरत. ड्वेन ऑलमन तर सर्दीच्या गोळ्यांची रिकामी काचेची बाटली घालून वाजवायचा. मला काच जमली नाही. ज्याच्याकडे लेथ आहे त्याने बाटली का फोडावी?

मला हे वेड लागलं ते एका कॅसेटमुळे.

आमचं घर टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटापासून जवळ. वरची खोली आई भाड्याने द्यायची, बहुतेक मेडिकलच्या पोरांना. १९९५ च्या उन्हाळ्यात मलेशियाचा एक मुलगा शिक्षण संपवून गेला तेव्हा खोलीत एक बादली, एक मच्छरदाणी आणि सात कॅसेट सोडून गेला. बादली अजून आहे. सातातल्या सहा कॅसेटी मी भावाला दिल्या. सातवीला कव्हर नव्हतं, लेबलवर निळ्या बॉलपेनने फक्त 'आर. जी. ’७४' लिहिलेलं. मला वाटलं कुठल्या तरी विषयाच्या नोट्स असतील.

लावली तर आधी गर्दीचा आवाज. टाळ्या नुसत्या नव्हेत, शिट्ट्या, ओरडा, आपल्याकडे कुस्तीच्या मैदानात जोड लागायच्या आधी असतो तसा. मग ड्रम, आणि त्यावर ती गिटार. आकाशवाणीवर दुपारी हवाईयन गिटारवर सिनेमाची गाणी लागायची ती मला ठाऊक होती. तीही अशीच सरकायची, पण ती तुपातली. ही वाळूतली होती. आणि गाणारा माणूस गळा सोलवटून गात होता. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, क्षणभर उभी राहिली. "त्या बाबाच्या पोटात दुखालंय काय रे? डॉक्टरकडं जा म्हणावं की, असा बोंबलालाय कशाला?"

कॅसेट साठ मिनिटांची होती. शेवटचं गाणं मध्येच तुटायचं. त्यात तो 'हूज दॅट कमिंग' असं विचारायचा, म्हणजे कोण येतंय ते, आणि स्लाइड हळूहळू चढत जायची, चढत जायची, आणि खट्. प्लेअरचं बटण वर. कोण आलं ते कळायचंच नाही. आठ वर्षं मी ते गाणं तिथपर्यंत ऐकलंय. एवढी वर्षं एखादं वाक्य अर्धं ऐकलं की तेच पुरं वाटायला लागतं.

२००३ मध्ये कॉलेज रोडवरच्या एका सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून मी कानाला लागलेले इंग्रजी शब्द एकेक टाकत बसलो. त्यातले निम्मे चुकीचे ऐकलेले. तिसऱ्या दिवशी सापडलं. रॉरी गॅलाघर. अल्बम 'आयरिश टूर ’७४'. माणूस आयर्लंडचा. आणि लगेच पुढची ओळ वाचली, की १४ जून १९९५ ला लंडनमध्ये तो वारला, वय ४७, यकृत बदलल्यानंतर जंतुसंसर्ग झाला. मी कॅसेट पहिल्यांदा लावली तेव्हा त्याला जाऊन महिनाही झाला नसेल. त्या दिवशी कॅफेवाल्याला वीसऐवजी पन्नास देऊन बाहेर आलो, सुट्टे घ्यायचं लक्षातच आलं नाही.

आता त्याच्याबद्दल थोडं. १९४८ मध्ये डोनेगॉल परगण्यातल्या बॅलीशॅननमध्ये जन्म, वाढला दक्षिणेत कॉर्क शहरात. पंधराव्या वर्षी, १९६३ मध्ये, कॉर्कच्या एका वाद्यांच्या दुकानातून त्याने १९६१ ची एक सेकंडहँड फेंडर स्ट्रॅटोकॅस्टर १०० पौंडांना घेतली. १०० पौंड त्या घराला झेपणारे नव्हते, उधारीवर घेतली. मग जन्मभर तीच. फोटोत बघितलं तर त्या गिटारीचं पॉलिश निम्म्याहून जास्त उडालेलं आहे, खालचं लाकूड दिसतं. लोक म्हणतात, त्याच्या घामाने गेलं. मला त्यात नवल वाटलं नाही. आमच्या सगळ्यात जुन्या लेथच्या हँडव्हीलचा हिरवा रंगही अण्णांचा तळवा जिथे बसतो तेवढ्याच जागी उडालाय. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्या गिटारीचा लंडनला लिलाव झाला, लिलावाचं कमिशन धरून नऊ लाख पौंडांच्या जवळपास किंमत आली, आणि विकत घेणाऱ्यांनी ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला दिली. काचेत ठेवलेली गिटार बघायला मला आवडणार नाही, पण कुणा श्रीमंताच्या दिवाणखान्यापेक्षा बरी.

स्टार म्हणावं असं त्याच्याजवळ काही नव्हतं. चौकड्यांचा शर्ट, जीन्स, विस्कटलेले केस. आमच्या शॉपमध्ये येऊन उभा राहिला असता तर गेटवरच्याने मटेरियल घेऊन आलेला ड्रायव्हर समजून चलन मागितलं असतं.

आणि तो अल्बम. जानेवारी १९७४ च्या दौऱ्यात बेलफास्ट, डब्लिन आणि कॉर्क अशा तीन ठिकाणी रेकॉर्डिंग झालं, जुलैमध्ये दोन तबकड्यांचा संच निघाला. बासवर जेरी मॅकअव्हॉय आणि पियानोवर लू मार्टिन, दोघे बेलफास्टचे. ड्रमवर रॉड डी'ॲथ, तो वेल्सचा. पहिलंच गाणं 'क्रेडल रॉक', आणि त्यात स्लाइड अशी येते की आधीच्या टाळ्या विसरायला होतं. 'टू मच अल्कोहोल' हे मूळ शिकागोच्या जे. बी. हटोचं, तोही स्लाइडवालाच. 'ॲज द क्रो फ्लाइज'मध्ये बँड थांबतो, हा एकटा, हातात धातूच्या अंगाची नॅशनल गिटार आणि तोंडाला माउथ ऑर्गन. ती गिटार वाजते तेव्हा पत्र्याच्या शेडवर पहिल्या पावसाचे थेंब पडल्यासारखं वाटतं. बेळगावच्या जूनमध्ये उद्यमबागेत बसून हे ऐकावं. 'अ मिलियन माइल्स अवे' हे सगळ्यांचं लाडकं गाणं, माझंही, पण त्याबद्दल लिहायला गेलं की माझं लिखाण ओलं होतं, म्हणून सोडतो.

अल्बममध्ये मला न आवडणारंही आहे. शेवटी मैफलीनंतरचा म्हणून घेतलेला सैल वाजवण्याचा तुकडा आहे. भैरवी झाल्यावर तबलजी हातोडी शोधत बसला आहे आणि आपण चप्पल घालून उभे, तसं होतं मला. कॅसेटवर तो नव्हता, हे त्या मलेशियन पोराचे उपकारच म्हणायचे.

इथे कुणीतरी म्हणेल, परदे म्हणजे सीमा आणि स्लाइड म्हणजे सीमा ओलांडणं. नको. बेळगावच्या माणसाला आमटीतल्या मोहरीतसुद्धा सीमाप्रश्न दिसतो, ही आमची जुनी खोड आहे, आणि मी ती गिटारीला लागू देणार नाही असं ठरवलं होतं. पण बेलफास्टचं काय करू?

बेलफास्ट म्हणजे ब्रिटनकडे राहिलेलं उत्तर आयर्लंड. ब्रिटनमध्येच राहायचं की आयर्लंडमध्ये जायचं, ह्यावरून प्रोटेस्टंट आणि कॅथलिक अशा दोन बाजू. तिथे तेव्हा काय चाललं होतं ते वाचलं तेव्हा कॅसेटवरचा तो गर्दीचा आवाज मला वेगळा ऐकू यायला लागला. २१ जुलै १९७२ च्या एका दुपारी दीड तासाच्या आत त्या शहरात वीसेक बॉम्ब फुटले, नऊ माणसं गेली. बाहेरचे बँड तिथे जायचे बंद झाले. विमा नाही, हॉटेल नाही, रस्त्यात कोण अडवेल भरवसा नाही. कारणं सगळी खरी. हा मात्र दर वर्षी जायचा, नाताळ-नव्या वर्षाच्या सुमारास, अल्स्टर हॉलमध्ये. तिथून डब्लिन, तिथून आपल्या कॉर्कला. भाषण केलं नाही, ह्या बाजूचं नाही, त्या बाजूचं नाही. अल्बम निघायच्या दोन महिने आधी, १७ मे १९७४ ला, डब्लिन आणि मोनॅहनमध्ये बॉम्ब फुटून ३३ माणसं मेली. डब्लिनचा कार्लटन सिनेमा, जिथे जानेवारीत हा वाजवून गेला होता, तिथून डब्लिनमधली ती ठिकाणं चालत जाण्याइतकी जवळ. आणि पुढच्या वर्षी, ३१ जुलै १९७५ ला, मायामी शोबँड ह्या नाचगाण्याच्या बँडचे वादक उत्तर आयर्लंडमध्ये कार्यक्रम करून रात्री गाडीने डब्लिनला परतत होते. लष्कराच्या वेशातल्या लोकांनी खोटं नाकं लावून गाडी थांबवली. तिघे वादक मारले गेले. रॉरीने स्वतः पोरवयात शोबँडमध्येच वाजवलेलं होतं. त्या रस्त्यांवरून त्याचीही गाडी जात होती.

आमची गोष्ट त्याच्यापुढे काहीच नाही, हे आधीच सांगतो. आमच्याकडे बॉम्ब नव्हते. पण कार्यक्रम न होणं म्हणजे काय ते मला माहीत आहे.

१९८६ चा जून. कन्नडसक्तीविरुद्धचं आंदोलन, गोळीबार, माणसं गेली. मी दहा वर्षांचा. त्या वर्षीच्या गणपतीत आमच्या मंडळाने कोल्हापूरकडचा ऑर्केस्ट्रा ठरवला होता. आम्ही पोरांनी दुपारी तीनपासून पुढच्या जागेवर पोती टाकून ठेवली, एकेका पोत्यावर एक धाकटा भाऊ राखणीला बसवला. सात वाजले, आठ वाजले. आया डबे घेऊन आल्या, पोरांनी तिथेच खाल्लं. साडेनवाला मंडळाच्या काकांनी माइकवर फुंकर मारली आणि सांगितलं, गाडी येऊ शकत नाही. का, ते सांगितलं नाही. सगळ्यांना कळलं. कुणी आरडाओरडा केला नाही, हेच मला अजून आठवतं. मोठी माणसं उठली, पोती झाडली, घडी घातली. साउंडवाल्याने भक्तिगीतांची कॅसेट लावली आणि रिकाम्या खुर्च्यांपुढे ती अकरापर्यंत वाजत राहिली.

न आलेल्यांना मी तेव्हाही दोष दिला नाही, आताही देत नाही. गाडीत बसलेल्या माणसालाही घर असतं. त्यानंतर कित्येकदा शिनोळीच्या अलीकडे नाहीतर निपाणीच्या पलीकडे एसट्या थांबलेल्या बघितल्या, कार्यक्रम पुढे ढकललेले बघितले, इकडचे तिकडे आणि तिकडचे इकडे दोन्ही. त्याची सवय होते. म्हणूनच ज्याने सवय केली नाही त्याचा अल्बम मला असा लागतो. २०१४ मध्ये चाळीस वर्षं झाल्याबद्दल मोठा संच निघाला, त्यात तिन्ही गावच्या मैफली वेगवेगळ्या ऐकता येतात. बेलफास्टची मी कितीदा ऐकली असेन. गिटार ऐकायला नव्हे, गाण्यांच्या मधल्या जागा ऐकायला. जानेवारीतल्या थंडीत, तपासणीच्या रांगेत उभं राहून आत आलेली ती माणसं. ती कुठल्या गल्लीतली, कुठल्या चर्चची, आवाजावरून काही कळत नाही. पोत्यांवर बसलेली वाटतात. आणि ह्यांची गाडी आली.

ह्याच नादात स्लाइड करायला घेतली. पहिली केली माइल्ड स्टीलच्या स्क्रॅप तुकड्याची. बाहेरून २२ मिलिमीटर, आत १७ चं बोअर, लांबी ५८. घरी जाऊन तारेवर ठेवली तर किर्र किर्र. फीडचे मार्क, म्हणजे लेथच्या हत्याराने उठलेल्या बारीक रेघा. डोळ्याला दिसत नाहीत, बोटाला जेमतेम लागतात, पण खर्जाच्या तारांवर आधीच दुसरी तार गुंडाळलेली असते, त्या खाचांवर हे मार्क करवतीसारखे चालतात. शिवाय पावसाळा, आठ दिवसांत घामाने गंज चढला. दुसरी गनमेटलची, जाड भिंतीची. आवाज गोल आला, भरदार, पण सुस्त. करंगळी दुखायला लागली आणि हात सुरावर वेळेत पोचेना. तिसरी स्टेनलेसची. शेवटचा कट अगदी हलका, फीड कमीत कमी, मग लेथ चालू ठेवून इमरी पेपर २२०, ४००, ८००, आणि वर बफ. कडा आतून मोडल्या, नाहीतर बोट कापतं. अण्णांनी पकडली ती हीच.

वाजवणं हा वेगळाच प्रकार. गिटारच्या सगळ्या तारा आधी अशा लावायच्या की मोकळ्या छेडल्या तरी एक कॉर्ड, म्हणजे जुळणाऱ्या सुरांचा गुच्छ, वाजावी. मग नळी जिथे न्याल तिथे तीच कॉर्ड. सोपं वाटतं. पण नळी परद्याच्या पट्टीच्या बरोबर वर यायला लागते, अर्धा मिलिमीटर अलीकडे राहिली की सूर बेसुरा. व्हर्नियरवर दोन शतांश बघणाऱ्या माणसाला अर्ध्या मिलिमीटरने रडवलं. आणि मागची बोटं तारांवर हलकी टेकवून ठेवायची, नाहीतर नळीच्या मागचा तारेचा तुकडाही वाजतो आणि सगळा कालवा होतो. हे मागच्या बोटांचं मला दोन वर्षं कुणी सांगितलंच नव्हतं. विचारणार कुणाला?

'हूज दॅट कमिंग' पुरतं ऐकलं त्याच २००३ मध्ये, सीडी मिळाल्यावर. जिथे कॅसेट खट् व्हायची तिथे माझा हात आपोआप बटणाकडे गेला. गाणं पुढे चालूच राहिलं. आणखी सहा मिनिटं होतं ते. सहा मिनिटं मी उभाच होतो.

खंडेनवमीला शॉप धुतो, मशीनना हार घालतो, चकाला हळदकुंकू, पेढे. त्या दिवशी संध्याकाळी अख्ख्या उद्यमबागेत एकही लेथ चालू नसतो, ती शांतता वर्षातून एकदाच. गेल्या वर्षी पूजा झाल्यावर मी गाडीच्या डिकीतून गिटार आणि छोटा ॲम्प्लिफायर काढला. का काढला, माझं मलाच कळलं नाही. सहा माणसं होती, एक वॉचमन, आणि पेढ्यांवर नजर ठेवून बसलेलं कुत्रं. 'हूज दॅट कमिंग'ची सुरुवातीची चालच फक्त वाजवली, जेवढी येते तेवढी. चुकलो दोनदा. कुणी काही बोललं नाही. हेल्पर पोरगा मोबाइलवर शूटिंग करत होता, त्याला मी नको म्हटलं.

अण्णा पुढे आले. "छलो ऐति," म्हणाले, म्हणजे छान आहे. मग हात पुढे केला. मी करंगळीतून नळी काढून दिली. त्यांनी ती झेंडूच्या पाकळ्या बाजूला सारून सरफेस प्लेटवर, म्हणजे सपाटी तपासायच्या लादीवर, ठेवली, बोटाने हलकेच ढकलली. नळी घरंगळली, किंचित डुलली, थांबली.

"खरं मालक, आउट हाय की ही. ओव्हल झालंय. पाइप चकात जास्त आवळलासा."

दसऱ्याला शॉप बंद. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचायच्या आधीच चक फिरत होता.